शून्य नंबरची गाडी आणि विल्यम्सचे चार चॅम्पियन

(लांब पोस्ट आहे, सवडीनं वाचा.)

डिसेंबर ते फेब्रुवारी फॉर्म्युला वनच्या शर्यती बंद असतात, पण बातम्या बंद नसतात. कोण कुठल्या टीममध्ये गेला, कुणाचा करार संपला, कुणाची सीट गेली. आपल्याकडे निवडणुकीच्या तोंडावर कोण कुठल्या पक्षात उडी मारतो ते लोक जसं चवीनं वाचतात, तसंच हे वाचलं जातं. पण या बातम्यांच्या मुळाशी एक जुना प्रश्न आहे, आणि तो नुसता गाड्यांचा नाही. यश कुणाचं? गाडी बनवणाऱ्या कारखान्याचं, की ती चालवणाऱ्या माणसाचं?

या प्रश्नाचं सगळ्यात रोखठोक उत्तर ब्रिटनच्या विल्यम्स टीमनं दिलं. १९८७ ते १९९६ या दहा वर्षांत विल्यम्सचे चार ड्रायव्हर जगज्जेते झाले. नेल्सन पिके, नायजेल मॅन्सेल, अलँ प्रोस्त आणि डेमन हिल. चौघांपैकी एकही जण पुढच्या हंगामात विल्यम्सच्या गाडीत नव्हता. एकदा झालं तर योगायोग म्हणू. चार वेळा झालं म्हणजे ती त्या घराची रीत होती.

आधी हे घर कसं उभं राहिलं ते पाहू.

फ्रँक विल्यम्स हा हाडाचा शर्यतवेडा माणूस. खिशात पैसे नसायचे. बिल थकल्यामुळे ऑफिसचा फोन तोडला गेला, तेव्हा त्यानं रस्त्यावरच्या सार्वजनिक फोनवरून टीमचा कारभार चालवला, हा किस्सा प्रसिद्धच आहे. पहिली टीम त्याला विकावी लागली. १९७७ मध्ये पॅट्रिक हेड या इंजिनिअरला सोबत घेऊन त्यानं नव्यानं सुरुवात केली. दोनच वर्षांत, १९७९ ला, सिल्व्हरस्टोनच्या ब्रिटिश ग्रां प्रीमध्ये टीमचा पहिला विजय आला. तो मिळवून दिला क्ले रेगाझोनी या स्विस ड्रायव्हरनं.

आणि त्याच हिवाळ्यात रेगाझोनीची सीट गेली. त्याच्या जागी कार्लोस रॉइटेमान आला. रेगाझोनी एन्साइन या छोट्या टीमकडे गेला आणि १९८० मध्येच लाँग बीचच्या शर्यतीत ब्रेक निकामी होऊन त्याचा भीषण अपघात झाला. कमरेखालचं अंग कायमचं लुळं पडलं. विल्यम्सनं त्याला ठेवलं असतं तर हे टळलं असतं, असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्या काळी अपघात कुठल्याही गाडीत होत. पण पहिला विजय मिळवून देणाऱ्याला पहिल्याच हिवाळ्यात निरोप मिळाला, हे लक्षात ठेवा.

मार्च १९८६ मध्ये फ्रँक विल्यम्स स्वतः अपघातात सापडला. दक्षिण फ्रान्समध्ये टीमची चाचणी आटोपून तो भाड्याच्या गाडीतून नीसच्या विमानतळाकडे निघाला होता. गाडी रस्त्याबाहेर गेली. मान मोडली. तेव्हापासून २०२१ मध्ये मृत्यू येईपर्यंत, पस्तीस वर्षं, तो व्हीलचेअरवर होता. टीम मात्र सोडली नाही. हा माणूस इतरांशी कठोर वागला असं म्हणताना त्यानं स्वतःला किती सवलत दिली तेही पाहायला हवं. अजिबात दिली नाही.

आता यातलं अर्थकारण समजून घ्या, म्हणजे पुढचं कोडं सुटेल. फॉर्म्युला वनमध्ये दोन विजेतेपदं असतात. एक ड्रायव्हरचं, एक टीमचं. टीव्हीवर नाव, फोटो, शॅम्पेन हे सगळं ड्रायव्हरच्या वाट्याला. पण बक्षिसाच्या रकमेची वाटणी होते ती टीमच्या क्रमवारीवरून. म्हणजे ड्रायव्हर जगज्जेता झाला म्हणून कारखान्यात पैसा येत नाही, टीम वर आली की येतो. त्यामुळे फ्रँक आणि पॅट्रिक यांचा हिशेब सरळ होता. चॅम्पियन झालेला ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी जास्त पैसे मागणार. तेच पैसे इंजिनावर, वाऱ्याच्या बोगद्यातल्या चाचण्यांवर, चांगल्या इंजिनिअरवर घातले तर गाडी वेगवान होईल. आणि वेगवान गाडीत बसायला ड्रायव्हर रांगेत उभे असतातच.

या हिशेबात पहिला गेला पिके. १९८६ मध्ये पिके आणि मॅन्सेल एकाच टीममध्ये एकमेकांशी भांडत राहिले. टीमचं विजेतेपद विल्यम्सला मिळालं, पण ड्रायव्हरचं मॅक्लारेनचा प्रोस्त घेऊन गेला. मॅन्सेल दोन गुणांनी मागे, पिके तीन. इंजिन देणारी होंडा कंपनी यावर नाराज होती. १९८७ मध्ये पिके चॅम्पियन झाला. पण टीम आपल्याला पहिल्या क्रमांकाचा ड्रायव्हर मानत नाही ही त्याची तक्रार होती, आणि तो लोटसकडे निघून गेला. पाठोपाठ होंडाही करारात वर्ष शिल्लक असताना निघाली. १९८८ मध्ये होंडाच्या जोरावर मॅक्लारेननं सोळापैकी पंधरा शर्यती जिंकल्या. विल्यम्सनं जिंकल्या शून्य.

यातून कुणी काय धडा घेईल? फ्रँकनं घेतलेला धडा असा दिसतो की इंजिन गेलं म्हणून घात झाला, ड्रायव्हर गेला म्हणून नाही. आणि खरं सांगायचं तर तो चूक नव्हता. पिकेसुद्धा १९८८ मध्ये लोटसकडून एकही शर्यत जिंकू शकला नाही.

मग आलं १९९२. रेनॉचं इंजिन, एड्रियन न्यूई या तरुण इंजिनिअरची रचना, खाचखळग्यात स्वतःला सावरून घेणारं संगणकी सस्पेन्शन. ती गाडी म्हणजे काळाच्या पुढची होती. मॅन्सेलनं सोळापैकी नऊ शर्यती जिंकल्या आणि ऑगस्टमध्येच, हंगेरीत, विजेतेपद खिशात घातलं. वय ३९. आदल्या कित्येक वर्षांत ते हातातोंडाशी येऊन निसटलं होतं.

पण पडद्यामागे वेगळंच चाललं होतं. प्रोस्त त्या वर्षी घरी बसला होता. १९९१ च्या शेवटी त्यानं फेरारीच्या गाडीला ट्रकची उपमा दिली आणि फेरारीनं त्याला काढलं. आता तो विल्यम्सकडे येणार होता. तिकडे मॅक्लारेनमध्ये वैतागलेला आयर्टन सेना उघड म्हणू लागला की मी विल्यम्सची गाडी फुकट चालवायला तयार आहे. विचार करा. तीन वेळचा जगज्जेता फुकट यायला तयार असताना मॅन्सेलच्या पगारवाढीला काय किंमत राहणार? शेवटी सेनाला १९९३ मध्ये काही येता आलं नाही, कारण प्रोस्तनं आपल्या करारातच त्याला बंदी घातली होती. पण त्या एका वाक्यानं मॅन्सेलच्या पायाखालची जमीन सरकली.

सप्टेंबर १९९२ मध्ये इटलीत मोंझाला मॅन्सेलनं पत्रकार परिषद बोलावली. तो निवेदन वाचत असतानाच टीमचा एक माणूस पुढे आला आणि कानात काहीतरी पुटपुटला. नवा प्रस्ताव होता. मॅन्सेल थांबला, ऐकलं, आणि पुढे वाचू लागला. फॉर्म्युला वन सोडतोय. तो अमेरिकेला गेला आणि १९९३ मध्ये तिथली इंडीकारची मालिका पहिल्याच फटक्यात जिंकला.

आता त्या शून्याची गोष्ट.

तेव्हाच्या नियमाप्रमाणे जगज्जेत्याच्या गाडीवर १ हा नंबर असायचा आणि त्याच्या जोडीदाराच्या गाडीवर २. जगज्जेता फॉर्म्युला वनमध्येच उरला नाही तर १ नंबर कुणालाच नाही. मग त्याच्या टीमला मिळायचे शून्य आणि दोन. १९९३ मध्ये प्रोस्तनं २ घेतला. शून्य आला नवख्या डेमन हिलच्या वाट्याला.

प्रोस्त त्या वर्षी सात शर्यती जिंकून चौथ्यांदा जगज्जेता झाला. पण सेनाला अडवणारी अट तेवढ्या एका वर्षापुरतीच होती. १९९४ साठी सेना येणार हे दिसताच प्रोस्तनं निवृत्ती जाहीर केली. जुना वैरी शेजारच्या गाडीत नको होता. पुन्हा जगज्जेता गायब, पुन्हा १ नंबर कुणालाच नाही. हिलच्या गाडीवर सलग दुसऱ्या वर्षी शून्य.

हा हिल कोण? ग्रॅहम हिल या दोन वेळच्या जगज्जेत्याचा मुलगा. वडील १९७५ मध्ये विमान अपघातात गेले तेव्हा डेमन पंधरा वर्षांचा होता. नाव मोठं, पण घरात पैसा उरला नाही. लंडनमध्ये मोटारसायकलवरून पार्सलं पोचवण्याचं काम त्यानं केलं. विल्यम्समध्ये आला तो चाचणी ड्रायव्हर म्हणून. दुसऱ्यांसाठी गाडी तासन् तास चालवून बघायची आणि शर्यतीच्या दिवशी बाजूला उभं राहायचं.

१ मे १९९४ ला इमोलात सेना विल्यम्सच्या गाडीत गेला. आदल्या दिवशी त्याच वळणदार रस्त्यावर रोलंड रात्झेनबर्गर हा ऑस्ट्रियन ड्रायव्हर गेला होता. फ्रँक विल्यम्सला ज्या माणसाला आपल्या गाडीत बघायची इतकी वर्षं इच्छा होती, तो तीन शर्यतींत संपला. सगळी टीम कोसळली होती. अशा वेळी दुसऱ्या सीटवरच्या हिलनं ती उचलली. त्या वर्षी सहा शर्यती जिंकला आणि शेवटच्या शर्यतीत, मायकेल शूमाकरशी झालेल्या वादग्रस्त टकरीनंतर, एका गुणानं विजेतेपद हुकलं. टीमचं विजेतेपद मात्र विल्यम्सलाच मिळालं. १९९५ मध्ये शूमाकरनं त्याला पुन्हा हरवलं, तेही नीटच. त्या वर्षी हिलच्या हातून चुकाही बऱ्याच झाल्या. हे दडवण्यात अर्थ नाही, कारण टीमचं मत बहुधा तिथंच फिरलं.

१९९६ ला हिल वेगळाच माणूस वाटत होता. आठ शर्यती जिंकला. आणि विजेतेपदाची लढत ऐन रंगात असताना, ऑगस्टच्या शेवटी, फ्रँकनं त्याच्या वकिलाला फोनवर कळवलं की पुढच्या वर्षी हिलची गरज नाही. जागा हाइन्झ-हाराल्ड फ्रेंटझेनला दिली. हिलनं तरी ऑक्टोबरमध्ये जपानमधल्या सुझुकात शर्यतही जिंकली आणि विजेतेपदही. जगज्जेत्याचा मुलगा जगज्जेता होण्याची ही पहिलीच वेळ. टीमसाठी त्यानं एकूण २१ शर्यती जिंकल्या होत्या. १ नंबर घेऊन तो ॲरोज नावाच्या तळाच्या टीममध्ये गेला. दोन वर्षं शून्य नंबर वागवणारा माणूस, आणि १ नंबर मिळाला तेव्हा त्याखाली धड गाडी नाही.

तरी ऑगस्ट १९९७ मध्ये हंगेरीत त्यानं ती ॲरोज जवळजवळ जिंकूनच आणली होती. अगदी शेवटी यंत्रणा बिघडली आणि शेवटच्या फेरीत विल्यम्सच्या जाक विल्नव्हनं त्याला गाठलं. हिल दुसरा आला. ज्यांनी काढलं त्यांनीच मागे टाकलं, पण कशामुळे, ते जगानं पाहिलं.

फ्रँकचा हिशेब इथं बरोबर ठरला का? वरवर पाहता हो. १९९७ ला विल्नव्ह चॅम्पियन झाला, टीमचं विजेतेपदही विल्यम्सचंच. फ्रेंटझेननं मात्र सबंध वर्षात एकच शर्यत जिंकली, विल्नव्हनं सात.

खरा फटका दुसरीकडे बसला होता आणि तो सुरुवातीला गुणतक्त्यात दिसला नाही. त्या वेगवान गाड्यांचा रचनाकार एड्रियन न्यूई. मोठ्या निर्णयांत, ड्रायव्हर निवडण्यातही, आपलं मत विचारलं जाईल असा शब्द त्याला मिळाला होता. हिलला काढताना विचारलं नाही. १९९६ च्या शेवटी न्यूई निघाला आणि मॅक्लारेनमध्ये गेला. १९९८ मध्ये मॅक्लारेनचा मिका हॅकिनेन जगज्जेता झाला, १९९९ मध्ये पुन्हा. १९९७ संपताच रेनॉनंही फॉर्म्युला वनमधून अंग काढून घेतलं. १९९८ मध्ये विल्यम्सनं एकही शर्यत जिंकली नाही.

म्हणजे बघा. "ड्रायव्हर बदलता येतो, गाडी महत्त्वाची" हे तत्त्व खरं धरलं, तरी गाडी काही आपोआप उगवत नाही. तीही माणसंच बनवतात. आणि ती माणसं डोळे उघडे ठेवून बघत असतात की इथं काम करणाऱ्याला कसं वागवलं जातं, निर्णय घेताना कुणाला विचारलं जातं. ड्रायव्हरला काढणं हा एक निर्णय होता. कुणालाही न विचारता काढणं हा दुसरा. महागात पडला तो दुसरा.

१९९७ नंतर विल्यम्सला एकही विजेतेपद मिळालेलं नाही. मधल्या काळात बीएमडब्ल्यूबरोबर बरे दिवस आले होते. पण कंपनीला टीममध्ये मालकी हवी होती, फ्रँकनं नकार दिला, आणि बीएमडब्ल्यूनं २००५ मध्ये दुसरी टीम घेतली. याच सुमारास, २००६ आणि २००७ मध्ये, आपला नारायण कार्तिकेयन विल्यम्सचा चाचणी ड्रायव्हर होता. हिलनं जिथून सुरुवात केली तीच जागा. नारायणला तिथून शर्यतीची सीट काही मिळाली नाही.

पुढे पैशाची इतकी चणचण झाली की चक्र उलटं फिरलं. २०१० मध्ये निको हुल्केनबर्गनं ब्राझीलला विल्यम्सची गाडी सगळ्यांच्या पुढे उभी केली आणि त्याच हिवाळ्यात त्याची सीट गेली. त्याच्या जागी आला पास्तोर माल्डोनाडो, सोबत व्हेनेझुएलाच्या सरकारी तेल कंपनीचा पैसा घेऊन. जी टीम म्हणायची की ड्रायव्हरला पैसे देण्यापेक्षा गाडीवर घालू, ती आता ड्रायव्हरकडून पैसे घेऊन गाडी बनवत होती. माल्डोनाडोनं मे २०१२ मध्ये स्पेनची शर्यत जिंकलीही. पण त्यानंतरच्या तेरा हंगामांत विल्यम्सला एकही विजय नाही. ऑगस्ट २०२० मध्ये कुटुंबानं टीम अमेरिकन गुंतवणूकदारांना विकली.

आपल्याकडच्या पोरांना "इतकी गुणवत्ता असून सीट का मिळत नाही" असं लोक विचारतात, त्याचं उत्तरही इथंच आहे. मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकला, मॅक्लारेनच्या गाडीत चाचणीही दिली. सीट नाही. इतकंच काय, फोर्स इंडिया हे नाव लावून दहा वर्षं धावलेल्या टीमनंही शर्यतीसाठी एकही भारतीय ड्रायव्हर घेतला नाही. सीट वीसेक, रांग लांब, आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या मागे कुणाचं ना कुणाचं पाकीट.

अलीकडचं उदाहरण घ्या. १ फेब्रुवारी २०२४ ला, हंगाम सुरू व्हायच्या महिनाभर आधी, फेरारीनं जाहीर केलं की २०२५ पासून लुईस हॅमिल्टन आमच्याकडे. म्हणजे कार्लोस साइन्झची सीट गेली, आणि अख्खं वर्ष त्यानं त्याच टीमसाठी गाडी चालवायची. मार्चमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, आणि दोनच आठवड्यांनी त्यानं ऑस्ट्रेलियाची शर्यत जिंकली. ऑक्टोबरमध्ये मेक्सिकोही जिंकली. मोठ्या टीमनी तरीही दार उघडलं नाही. त्याला घेतलं कुणी? विल्यम्सनं. २०२५ मध्ये बाकूला त्यानं विल्यम्सला तिसरा क्रमांक मिळवून दिला. त्याच वर्षी फेरारीत गेलेला हॅमिल्टन मुख्य शर्यतीत एकदाही पहिल्या तिघांत आला नाही. चॅम्पियनांना निरोप देणारी टीम आता दुसऱ्यांनी निरोप दिलेल्या माणसाच्या खांद्यावर उभी राहू पाहतेय.

फ्रँक विल्यम्सला खलनायक ठरवून मोकळं होणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. शेकडो लोकांचे पगार त्या कारखान्यावर अवलंबून होते, आणि टीमची नऊ विजेतेपदं काही नशिबानं आली नाहीत. संस्था माणसापेक्षा मोठी असते, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. हे वाक्य आपल्याकडेही साखर कारखान्यापासून शिक्षणसंस्थेपर्यंत आणि पक्षापासून पेपरापर्यंत सगळीकडे ऐकू येतं. बहुतेक वेळा कुणाला तरी काढायचं असतं तेव्हाच. तेव्हा एवढंच विचारायचं असतं की संस्था म्हणजे नेमकं कोण? खुर्चीतली दोन माणसं, की ती चालवणारे सगळे? १९९६ मध्ये विल्यम्सनं पहिलं उत्तर दिलं, आणि ज्याला दुसरं उत्तर अपेक्षित होतं तो न्यूई निघून गेला.

पुढच्या हिवाळ्यात अमक्याची सीट गेल्याची बातमी आली की कोण आलं ते जरूर वाचा. पण सहा महिन्यांनी त्याच टीममधून आणखी कोण गेलं तेही बघा. ती बातमी आतल्या पानावर असते.

तुम्ही काम करता तिथं "संस्था मोठी" हे वाक्य शेवटचं कधी ऐकलंत, आणि त्यानंतर कोण कोण गेलं? नावं नकोत, गोष्ट सांगा.